झोपाळ्याला वजनाचा फरक पडत नाही, मग स्प्रिंगला का पडतो? (आणि आमचा जी ९.२५ का येतोय)

उद्यमनगरचा_बापू

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मी काय शिकलेला माणूस नाही. आयटीआय केलं, कोल्हापूरच्या उद्यमनगरात शेड घेतलं आणि तेव्हापासून स्प्रिंगा वळतोय. गिऱ्हाईक तुटकी स्प्रिंग घेऊन येतं, मापं घ्यायची, तशीच नवीन करून द्यायची. पोरगी बारावी सायन्सला आहे. परवा जेवताना म्हणाली, पप्पा, लंबकाला वजनाचा काही संबंध नसतो, ५० ग्रॅम बांधा नाहीतर ५० किलो, एक हेलकावा तेवढ्याच वेळात होतो. मी म्हटलं असं कसं होईल, माझं आयुष्य गेलं स्प्रिंगांत, जड जॉब लटकवला की सावकाश हलते आणि हलका लटकवला की टरटर हलते हे मी रोज बघतोय. ती म्हणाली ते स्प्रिंगचं, हे लंबकाचं. म्हटलं दोन्ही हलतातच की. झालं, तिथनं भांडण. बायकोनं ताटं उचलली तरी आमचं चालूच.

रात्री पडल्या पडल्या आठवलं, गावाकडच्या घरी सोप्यात कडीचा झोपाळा आहे. त्यावर लहानपणी मी एकटा बसलो काय आणि आमचे थोरले चुलते (तालमीतला गडी, शंभर किलोच्या वर) बसले काय, कड्यांची कुरकुर त्याच ठेक्यात यायची. म्हणजे पोरगी बरोबर. पण का, ते तिलाही सांगता येईना. "सूत्रात एम (वस्तुमान) नाहीच आहे" एवढंच म्हणते. आता सूत्रात नाही हे काय कारण झालं का?

मग रविवारी दोघांनी प्रयोगच लावला. शेजारी गिलाव्याचं काम चाललंय, तिथल्या गवंडी मामांकडनं दोन ओळंबे आणले, एक छोटा एक मोठा. हॉलमधला पंखा उतरवला (त्याचं काय ऐकून घेतलं ते इथं लिहीत नाही), हुकाला नायलॉनची दोरी बांधली, हुकापासून ओळंब्याच्या गाठीपर्यंत टेपनं बरोब्बर १५० सेंमी. चांगला पाऊण मीटर बाजूला ओढून सोडला, मोबाईलवर २० हेलकावे मोजले, प्रत्येकी तीन वेळा. छोटा ५०.३ सेकंद, मोठा ५०.६. तिन्ही वेळा मोठाच जरासा मागं. म्हणजे थोडा तरी फरक पडतोच ना वजनाचा? वर पोरीनं मोठ्या ओळंब्यावरनं जी (पृथ्वीच्या ओढीचा आकडा) काढला तो आला ९.२५. पुस्तकात ९.८. मार्क जातील म्हणून ती आकडा "ॲडजस्ट" करायला निघाली होती, मी वही काढून घेतली.

मग स्प्रिंग. शेडमधली २ मिमी वायरची टेन्शन स्प्रिंग घेतली, ८० वेढ्यांची, वरचा हूक वाईसमध्ये धरला आणि वजनं काट्यावर तोलून खाली लावली. २० हेलकाव्यांना ५०० ग्रॅमला ९.४ सेकंद, १ किलोला १२.९, दीड किलोला १५.७, दोन किलोला १८.०. पोरगी म्हणते वजन चौपट झालं की वेळ दुप्पट झाला पाहिजे, म्हणजे ९.४ चे १८.८ यायला पाहिजेत. आलेत १८.०. पाऊण सेकंद कुठं गेला? मोबाईल तोच, बोट तेच.

कुणाला माहीत असेल त्यानं माझ्या भाषेत सांगा. सूत्र पोरीकडं आहे.

बॅकबेंच_बारावी

काका नाद खुळा 😂 आमच्या बॅचला सगळे उलटंच करतात, आधी जी ९.८ लिहायचा मग त्यावरनं रीडिंग तयार करायची. तुमच्या पोरीला सांगा ९.२५ असाच दाखव, निदान खरा तरी आहे. माझ्या मते हवेचा विरोध असणार, म्हणून कमी आला.

खडू_डस्टर

बापू, आधी मनापासून शाबासकी घ्या. मी कॉलेजात बरीच वर्षं फिजिक्स शिकवलं, "सूत्रात एम नाही" यावर "हे काय कारण झालं का" असं विचारणारी पोरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी भेटली.

तुमच्याच झोपाळ्यावर बसून बघू. झोपाळा एका बाजूला गेला की त्याला मधे परत कोण आणतं? कड्या फक्त वर ओढून धरतात. मधे आणतं ते बसलेल्या माणसाचं स्वतःचं वजन. आता तुमचे चुलते तुमच्या अडीचपट वजनाचे धरा. म्हणजे त्यांना मधे ओढणारा जोर अडीचपट. पण त्यांचं धूडही अडीचपट, हलवायला अडीचपट जड. जोर अडीचपट आणि हलवायचा बोजा अडीचपट, दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात, उरते तीच गती. पोरीच्या सूत्रात एम नाही म्हणजे तो कधी नव्हताच असं नाही, दोन्ही बाजूंना होता आणि कटला.

स्प्रिंगचं तसं नाही. स्प्रिंग परत ओढते ते स्वतःच्या पोलादाच्या ताकदीवर. तिला एक सेंमी ताणलं की ती ठराविक जोर लावणार, खाली अर्धा किलो आहे का दोन किलो याच्याशी तिला देणंघेणं नाही. मग तोच जोर आणि बोजा मात्र चौपट, सावकाशच हलणार. तुम्ही शेडमध्ये डोळ्यानं बघताय ते आणि पोरगी म्हणते ते, दोन्ही खरंच आहे.

अजून एक गंमत. हे सगळं सामान चंद्रावर नेलं तर स्प्रिंगच्या वेळा होत्या तशाच येतील, कारण पोलाद तेच आणि वस्तुमान तेच. ओळंबा मात्र जवळपास अडीचपट सावकाश झुलेल, कारण तिथं त्याला मधे ओढणारं वजनच सहावा हिस्सा.

आता ९.२५ कडे. बॅकबेंच, हवा नव्हे रे बाबा. हवेनं झोका हळूहळू लहान होत जातो, पण एका हेलकाव्याला लागणारा वेळ पितळी ओळंब्याच्या बाबतीत मोबाईलवर दिसेल इतका बदलत नाही. इथं दुसऱ्या दोन चुका आहेत आणि दोन्ही एकाच बाजूला ओढतायत म्हणून आकडा एवढा खाली गेला.

पहिली म्हणजे लांबी. तुम्ही गाठीपर्यंत मोजलीत. लंबकाची लांबी गाठीपाशी संपत नाही, ती ओळंब्याच्या गुरुत्वमध्यापर्यंत धरायची. ओळंबा आडवा करून सुतळीच्या फासात तोलून बघा, कुठं समतोल राहतो तिथं खूण करा. मोठ्याचा मध्य गाठीच्या चारेक सेंमी खाली निघेल, छोट्याचा त्याहून वर. मोठा मागं पडला तो जड म्हणून नव्हे, लांब म्हणून. तुमचा कान आणि बोट पक्कं आहे हो, तीन दशांश सेकंदाचा फरक पकडलात.

दुसरी म्हणजे पाऊण मीटर ओढलात ते. दीड मीटरच्या दोरीला पाऊण मीटर म्हणजे ३० अंश. सूत्रात गृहीत धरलेलं असतं की मधे ओढणारा जोर जितका कोन तितका वाढत जातो. प्रत्यक्षात तो कोनाच्या साइनप्रमाणे वाढतो. ३० अंशाला रेडियनमध्ये कोन ०.५२४ आणि साइन ०.५००, म्हणजे टोकाला जोर साडेचार टक्के कमी पडतो, लंबक तिथं रेंगाळतो. एका हेलकाव्याला पावणेदोन टक्के वेळ जास्त लागतो, २० हेलकाव्यांत झोका थोडा लहान होतो म्हणून सरासरी दीडच्या आत येईल. जी काढताना वेळेचा वर्ग होतो, म्हणजे चूक दुप्पट. ५ अंशाच्या आत राहिलात की हीच भानगड दहा हजारात पाचवर येते. तुमच्या दोरीला १३ सेंमीपेक्षा जास्त ओढू नका.

आणि ९.८१ यायची वाट बघत बसू नका. कोल्हापुरात जी ९.७८ च्या आसपास आहे. आपण विषुववृत्ताकडे सरकलेले आणि वर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर. ९.८१ हा आकडा युरोपच्या अक्षांशाचा. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेही लंबकामुळेच बरं का. १६७२ ला रिशे नावाचा फ्रेंच खगोलवाला पॅरिसचं लंबकाचं घड्याळ घेऊन दक्षिण अमेरिकेत कायेनला गेला, विषुववृत्ताजवळ, तर घड्याळ दिवसाला अडीच मिनिटं मागं पडायला लागलं. लंबक तीनेक मिलिमीटर आखूड केला तेव्हा कुठं गाडी रुळावर आली. लोकांना आधी वाटलं याचंच काहीतरी चुकलंय. चुकलं नव्हतं, पृथ्वीच तिथं कमी ओढते.

उद्यमनगरचा_बापू

सर, दंडवत. "दोन्ही बाजूंना होता आणि कटला" हे पोरीला वाचून दाखवलं, ती दोन मिनिटं गप्प बसली आणि मग म्हणाली, हे आम्हाला असं कुणी सांगितलंच नाही. मला तर आता चुलत्यांचा झोपाळा डोळ्यापुढं दिसायला लागलाय.

ओळंब्याचं रविवारी परत करतो, पंखा परत उतरवायला परवानगी मिळाली तर. पण स्प्रिंगच्या पाऊण सेकंदाचं काय? तिथं तर कोनबिन काही नाही, सरळ वरखाली.

पाटा_आणि_शॉकअप

बापूकाका, यावर मी लिहिते. मी मूळची राजारामपुरीची, सध्या पुण्यात गाड्यांच्या सस्पेन्शनवर काम करते, म्हणजे तुमच्याच जातकुळीतली.

तुमचा पाऊण सेकंद स्प्रिंगनंच खाल्लाय. तुम्ही वजन ५०० ग्रॅम लावलंत म्हणता, पण हलतंय ते ५०० ग्रॅम नाही, स्प्रिंगही हलतेय की. आता ती पूर्ण धरायची का? नाही, कारण वाईसजवळचा वेढा जवळपास जागचा हलत नाही आणि खालचा वेढा वजनाबरोबर पूर्ण वेगानं पळतो, मधले त्या प्रमाणात. हलण्याच्या ऊर्जेत वेगाचा वर्ग येतो, वरपासून खालपर्यंत तो वर्ग धरून सरासरी काढली की नेमका एक तृतीयांश निघतो. म्हणजे स्प्रिंगच्या वजनाचा तिसरा हिस्सा तुमच्या वजनात मिळवायचा. ५०० ग्रॅमला ही भर मोठी वाटते, दोन किलोला किरकोळ, म्हणून तुमचं "चौपट" खरं चौपट नव्हतंच.

हे माझं ऐकू नका, पोरीकडनं ग्राफ काढून घ्या. एका हेलकाव्याचा वेळ काढा, त्याचा वर्ग करा, आडव्या अक्षावर वजन आणि उभ्यावर हा वर्ग. तुमच्याच आकड्यांनी मी आत्ता काढून बघितलं, चारही बिंदू एका सरळ रेषेत बसतायत, पण रेषा शून्यातनं जात नाही. डावीकडं वाढवली तर उणे ६० ग्रॅमपाशी आडव्या अक्षाला भेटते. म्हणजे ते ६० ग्रॅम स्प्रिंगचा तिसरा हिस्सा. स्प्रिंग १८० ग्रॅमच्या आसपास भरली पाहिजे. काट्यावर ठेवून सांगा बरं, मी न बघता बोलतेय.

रेषेच्या चढावरनं स्प्रिंगचा के (कडकपणाचा आकडा) पण निघतो, १०० न्यूटन पर मीटर. तुमच्या भाषेत, अर्धा किलो वाढवला की पाच सेंमीला जरा कमी ताण. पट्टी लावून तेही बघा.

एक शंका. टेन्शन स्प्रिंग आहे म्हणजे वेढे एकमेकांना चिकटून वळले असणार, इनिशियल टेन्शन असेल ना? हलकं वजन लावून मोठा झोका दिला तर वर येताना वेढे एकमेकांवर आपटतील, आणि मग ती साधी हरात्मक गती राहत नाही.

उद्यमनगरचा_बापू

अगं ताई, तू तर शेडात उभी राहून बघितल्यासारखं लिहिलंस! पहिलं दीडशे ग्रॅम टाकेपर्यंत स्प्रिंग उघडतच नाही, नंतर अर्ध्या किलोला ४ सेंमी ९ मिमी, मोजलं आत्ताच. आणि ५०० ग्रॅमला पहिल्यांदा जोरात ओढलं होतं तेव्हा टकटक आवाज आला होता, म्हणून आम्ही मग दोन सेंमीच ओढून सोडलं. आवाज आला की काहीतरी चुकतंय एवढं कळतं आम्हाला.

आणि काट्यावर स्प्रिंग ठेवली. १७८ ग्रॅम!! पोरगी ओरडली म्हणून बाजूच्या शेडवाला बघायला आला.

पाटा_आणि_शॉकअप

१७८! आज दिवस चांगला गेला 😄

एक सांगायचं राहिलं. बरेच जण विचारतात, स्प्रिंग उभी टांगली म्हणून गुरुत्वाकर्षणाचा परिणाम व्हायला पाहिजे ना? वेळेवर होत नाही. गुरुत्वाकर्षणानं फक्त मधली जागा खाली सरकते, त्या नव्या जागेभोवती स्प्रिंग तशीच हलते. म्हणून तर अंतराळात, जिथं काटा चालतच नाही, तिथं माणसाचं वजन असं मोजतात, स्प्रिंगला जोडलेल्या खुर्चीत बसवून हलवायचं आणि एका हेलकाव्याला किती वेळ लागला ते बघायचं. १९७३ च्या स्कायलॅबमध्ये असली खुर्ची होती.

जमिनीवरचं उदाहरण हवं तर वडापची जीप बघा. सकाळी रिकामी येते तेव्हा प्रत्येक खड्ड्यात टणाटण उडते, आणि दहा-बारा माणसं कोंबली की तीच जीप तेच पाटे घेऊन होडीसारखी डुलत जाते. पाटे बदलले नाहीत, बोजा बदलला. आता हे डुलणं थांबवायला शॉकअप, त्यातलं ऑइल बारीक भोकातनं ढकललं जातं आणि उड्यांची ऊर्जा उष्णतेत घालवतं. शॉकअप मेलेली गाडी म्हणजे तुमची वाईसमधली स्प्रिंग, एकदा हलली की हलतच राहणार.

टोल्याचं_घड्याळ

चांगली चर्चा चाललीय म्हणून मधे तोंड घालतो. आमचं घड्याळ दुरुस्तीचं, वडिलांपासूनचं. आता मोबाईलमुळं गिऱ्हाईक कमी, पण जुन्या वाड्यांतली लंबकाची घड्याळं अजून येतात.

सरांनी जो मोठ्या कोनाचा मुद्दा लिहिला तो आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात, फक्त साइन वगैरे न सांगता. घड्याळाचा लंबक दोन्हीकडं मिळून थोडासाच हलला पाहिजे. हायगेन्सनं १६५६ ला पहिलं लंबकाचं घड्याळ केलं त्यात झोका बराच मोठा होता, म्हणून त्यानं दोरीच्या दोन्ही बाजूंना वाकडे पत्रे लावून ती भानगड मिटवायचा खटाटोप केला. पुढं झोकाच लहान ठेवायची युक्ती निघाली आणि पत्रे गेले.

लांबीचं तर विचारूच नका. भिंतीवरच्या ज्या घड्याळात अर्ध्या सेकंदाला एक टिक पडते त्याचा लंबक जवळपास २५ सेंमीचा. त्यात एक मिलिमीटर इकडं-तिकडं झाला की दिवसाला तीन मिनिटांच्या आसपास फरक. म्हणून गोळ्याच्या खाली तो नट असतो. लोक घड्याळ मागं पडतं म्हणून काटे रोज पुढं करत बसतात आणि नटाला हात लावत नाहीत. घड्याळ मागं पडतंय तर नट वर चढवा, पुढं पळतंय तर खाली. आटा अर्ध्या मिमीचा असेल तर एक फेरा म्हणजे दिवसाला साधारण दीड मिनिट.

उन्हाळ्यात लोखंडी दांडी लांबते, घड्याळ मागं पडतं. थंडी आणि मे महिना यात वीस अंशांचा फरक धरला तर पोलादी दांडीवर दिवसाला दहाएक सेकंद. म्हणून जुन्या चांगल्या घड्याळांत दांडी लाकडाची, ती उष्णतेनं फारशी लांबत नाही. एका वाड्यातली मालकीणबाई दरवर्षी एप्रिलात घड्याळ आणायच्या, "याला ऊन लागतंय हो" म्हणायच्या. आधी मी हसायचो, मग एकदा हिशोब केला आणि हसायचं बंद केलं.

बापू, तुमच्या स्प्रिंगचा पण घड्याळाशी संबंध आहे. हातावरच्या घड्याळात लंबक चालणार नाही, हात हलतो. तिथं एक छोटं चाक आणि केसासारखी गुंडाळलेली स्प्रिंग असते, चाक मागंपुढं डोलतं. हायगेन्सनं १६७५ ला हे पुढं आणलं तर तिकडं इंग्लंडात रॉबर्ट हूक भांडायला उठला, मीच आधी केलंय म्हणून. जितका ताण तितका जोर हा नियम त्याच हूकचा, १६७६ ला त्यानं तो अक्षरं उलटसुलट करून कोड्यात छापला आणि दोन वर्षांनी कोडं फोडलं. दुसऱ्या कुणी उचलू नये म्हणून.

बॅकबेंच_बारावी

म्हणजे त्या काळातपण कॉपीची भीती होती 😭

एक डाऊट सर, नागपंचमीला आमच्या गल्लीत झाडाला मोठा झोका बांधतात, त्यावर पोरी उभ्या राहून चढवतात तेव्हा झोका जास्त फास्ट वाटतो बसण्यापेक्षा. वजन तेच, दोरी तीच. हे खरंय का मला तसं वाटतं फक्त?

खडू_डस्टर

खरंय. बापूंच्या ओळंब्याचंच उत्तर इथं लागू. उभं राहिलं की शरीराचा मध्य वर जातो, म्हणजे दोरी तीच असली तरी लंबक आखूड झाला, हेलकावा लवकर होणार. आणि झोका चढवतात तो कसा बघ, मधून जाताना उभं राहायचं आणि टोकाला पोचल्यावर खाली बसायचं. मधे वेग सगळ्यात जास्त, तिथं शरीर वर उचलायला जास्त ताकद लागते, आणि ती ताकद झोक्यात जाते. प्रत्येक खेपेला थोडी थोडी. पोरींना हे कुणी शिकवलेलं नसतं.

फक्त एक, असल्या चढवलेल्या झोक्याला पोरीच्या वहीतलं सूत्र लावू नकोस. ६० अंशाला सात टक्के चूक येते.

उद्यमनगरचा_बापू

रविवार झाला. पंखा उतरवला, या वेळेला लेकीनंच आईला पटवलं.

सरांनी सांगितलं तसं सुतळीच्या फासात ओळंबे तोलले. मोठ्याचा मध्य गाठीपासून ४ सेंमी, छोट्याचा अडीच. मग डोकं चालवलं, दोरी कमी-जास्त करून दोन्हींचा मध्य हुकापासून १५० सेंमीवर आणला, १२ सेंमी ओढून सोडलं. प्रत्येकी पाच वेळा २० हेलकावे. छोटा ४९.२. मोठा ४९.२. दोन्ही सारखेच! एखादा दशांश इकडंतिकडं व्हायचा पण तो बोटाचा.

जी ९.७९ आला. सरांच्या ९.७८ ला एक शतांश जास्त. पोरगी म्हणाली एक मिलिमीटर लांबी चुकली तरी तेवढा फरक पडतो, आणि आमची टेप बांधकामाची. तिनं वहीत पहिला ९.२५ खोडला नाही, तसाच ठेवून खाली का चुकला ते लिहिलंय.

आता अजून एक. माझा रोजचा प्रश्न आहे हा. गिऱ्हाईक म्हणतं स्प्रिंग लांब झाली, अर्धी कापून दे. मला माहीत आहे की कापलेली स्प्रिंग कडक होते, पण किती? आणि हेलकाव्याचा वेळ किती होईल? १ किलो लावून बघणार आहे. आधी सांगा, मग कापतो.

पाटा_आणि_शॉकअप

अर्धी कापली तर के दुप्पट. कारण सोपं आहे, एक किलो लटकवला की प्रत्येक वेढा थोडा थोडा उघडतो, ८० वेढे मिळून जेवढा ताण येतो त्याच्या निम्मा ४० वेढ्यांत येणार. तोच जोर, निम्मा ताण, म्हणजे दुप्पट कडक.

वेळ रूट दोननं कमी होईल असं पुस्तकात लिहितात, तसं धरलं तर १२.९ चे ९.१ येतील. पण स्प्रिंगचं वजनही अर्धं झालं ना, तिचा तिसरा हिस्सा ६० ऐवजी ३० ग्रॅम. हिशोबात तेही घेतलं तर ९.०. माझा आकडा ९.०, लिहून ठेवा. १ किलोला तेवढ्यापुरता झोका लहान ठेवा, आता स्प्रिंग कडक आहे, ताण निम्मा, वेढे लवकर आपटतील.

टोल्याचं_घड्याळ

मीपण ९.० ला.

बॅकबेंच_बारावी

मी ९.१, पुस्तकाची बाजू घेणारा कुणीतरी पाहिजे ना

उद्यमनगरचा_बापू

ग्राइंडरला लावून बरोब्बर मधे कापली. दहा वेळा मोजलं, पोरीनं पाच आणि मी पाच. ८.९ आलं.

तुम्ही सगळे हरला असं म्हणणार होतो, पण मग स्प्रिंग हातात घेतली आणि कळलं. कापल्यावर खालच्या टोकाला हूक नव्हता, वजन लावायला मी शेवटचा वेढा पक्कडीनं बाहेर वळवून हूक केला. तो वेढा आता स्प्रिंगमध्ये नाही, हुकात गेला. ४० चे ३९ राहिले. पोरीनं लगेच के परत काढला, २०० चे २०५ झाले, आणि हिशोब आला ८.९१.

गिऱ्हाईकाला स्प्रिंग कापून देताना हुकाचा वेढा वेगळा धरायचा हे मला माहीत होतं की. प्रयोगात विसरलो.